स्वतःच्या शब्दांत

बँकेतली माझी शेवटची काही वर्षं कर्ज विभागात गेली. टेबलावर सदैव परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या फायली. विद्यापीठाचं प्रवेशपत्र, फीचा तपशील, वडिलांच्या पगाराचा दाखला, आयकराची विवरणपत्रं, घराचा सर्च रिपोर्ट. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली, तेव्हापासून तिचे नियम मला मनाच्या श्लोकांसारखे पाठ. ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताची हमी, त्यापुढे मात्र घर, जमीन, ठेव, काहीतरी बँकेकडे लिहून द्यायचं. परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम पदरची. शिक्षण चालू असेतो आणि पुढं एक वर्ष हप्ता नाही, व्याज मात्र चढत राहणार. फीची रक्कम विद्यापीठाच्या खात्यात रवाना झाली की फाईल कपाटात जायची. ती पुन्हा बाहेर निघायची पुढच्या रकमेच्या वेळी. मधल्या काळात त्या मुलाचं काय होतं, यासाठी आमच्या छापील फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

एकदा एक शिक्षक माझ्यासमोर येऊन बसले. बारामतीकडचे. मुलगा सप्टेंबरात गेला आणि डिसेंबरात परत आला होता, कायमचा. आता कर्जाचं काय, हे विचारायला ते आले होते. मी कॅल्क्युलेटर काढून व्याज सांगितलं, हप्ता कधी सुरू होईल ते सांगितलं. त्यांनी सगळं मुकाट्यानं एका वहीत टिपून घेतलं. उठता उठता म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं अशी लई पोरं येत असतील. त्यांना तिथं गेल्यावर काय होतं हो? आमचं पोरगं काही बोलतच नाही."

मी म्हणालो, हवा मानवत नाही काहींना. याहून वेडगळ उत्तर मी नोकरीत दुसरं दिलेलं आठवत नाही.

त्या शिक्षकांच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मला मिळालं ते निवृत्तीनंतर, आणि तेही घरातच. माझ्या धाकट्या भावाची मुलगी दंतवैद्यकाची पदवी घेऊन सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकायला २०२३ साली इंग्लंडमध्ये, लीड्सला गेली. एक वर्षाचा अभ्यासक्रम. ३० लाखांचं कर्ज. तारण म्हणून सिंहगड रस्त्यावरचा भावाचा फ्लॅट. कागदपत्रं अर्थातच मी जमवली. गहाणखताच्या दिवशी भाऊ पेन हातात घेऊन क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दादा, तू आहेस म्हणून सही करतोय." मीही मोठेपणानं मान डोलावली.

इंग्लंडचा व्हिसा म्हणजे माझ्यासारख्याला घरचंच कार्य. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हा महिन्याला १,०२३ पौंड या हिशेबानं ९ महिन्यांचा खर्च, म्हणजे ९,२०७ पौंड, खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागत. एक दिवस कमी भरला तरी अर्ज फेटाळला जायचा. त्याखेरीज तिथल्या सरकारी वैद्यकीय सेवेसाठी वर्षाला ४७० पौंड आगाऊ. पौंड शंभर रुपयांच्या वर गेलेला. हे सगळं मी इतकं चोख केलं की वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच जाऊन शिकून या."

ती निघाली १६ सप्टेंबरला. गणपती तीन दिवसांवर आले होते. जन्मापासून एकही गणपती तिनं चुकवला नव्हता. बॅगांचं वजन करून करून घरातला काटा बिघडला. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, छोटा कुकर. आमच्या सौभाग्यवतींनी श्री. ज. जोश्यांची 'आनंदी गोपाळ' दिली. वजनासाठी ती दोनदा बाहेर निघाली आणि शेवटी हातातल्या पिशवीत गेली.

लीड्स म्हटल्यावर आमच्या भावाच्या डोळ्यांपुढं आलं ते हेडिंग्लेचं मैदान. १९९२ साली १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर यॉर्कशायरकडून खेळायला तिथंच गेला होता. त्या कौंटीनं घेतलेला तो पहिला परदेशी खेळाडू. ही माहिती भावानं निदान दहा जणांना सांगितली, जणू सचिनच्या पाठोपाठ यॉर्कशायरनं आमच्याच घरात निवड केली होती. मुलीची खोली हेडिंग्लेपासून चालण्याच्या अंतरावर, हाइड पार्क नावाच्या विद्यार्थ्यांच्या वस्तीत होती. लाल विटांची, पाठीला पाठ लावून बांधलेली घरं. मागची भिंत दोन घरांत एकच, त्यामुळं मागं खिडकीच नाही. गिरणी कामगारांसाठी बांधलेली ही घरं लीड्समध्ये अजून उभी आहेत आणि आता त्यांत जगभरची पोरं राहतात. तिच्या घरात एक नायजेरियन नर्स, एक चिनी मुलगी आणि एक कोट्टायमची. भाडं आठवड्याचं. हे ऐकून वहिनी दचकल्या, कारण त्यांनी आकडा महिन्याचा समजून हिशेब केला होता.

पहिले पंधरा दिवस कामाचे होते, म्हणून बरे गेले. पोस्टात जाऊन व्हिसाचं कार्ड घेणं, बँकेत खातं, डॉक्टरकडे नावनोंदणी. बसचं तिकीट कुठंही जा, २ पौंड. ती प्रत्येक गोष्टीला १०० नं गुणायची आणि मग चालत जायची.

रोज रात्री साडेनऊला फोन. आमचे साडेनऊ म्हणजे तिचे संध्याकाळचे पाच. भावाच्या घरी आई, म्हणजे आमची आई, वय ८८, खुर्चीत मधोमध. बाजूला भाऊ आणि वहिनी. रविवारी आम्ही दोघंही. फोनवरचं संभाषण मी डोळे मिटून लिहून देऊ शकेन.

"जेवलीस का?"

"हो."

"काय केलं होतंस?"

"खिचडी."

"थंडी?"

"आहे थोडी."

"अभ्यास?"

"चाललाय."

"तब्येतीला जप."

"तुम्ही पण. आजी कशी आहे?"

"एकदम छान. ही बघ."

मग आजी हात हलवायची. उजवा हात. हा उजवा हात महत्त्वाचा आहे, कारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. पोरीला कळवायचं नाही, असं भावानं ठरवलं. तिकडं एकटी आहे, उगाच जीव टांगणीला. त्यामुळं रोज साडेनऊच्या आधी आईच्या डाव्या हातावर शाल घातली जायची, आणि फोन धरणारा माणूस कॅमेरा जरा वर धरायचा. मी स्वतः दोनदा धरला आहे. आई कुरकुरायची, "मी काय चोरी केलीय का?" पण तीही सामील होती.

आणि तिकडं? तिकडं खिचडी नव्हती. आठवड्यातले चार दिवस ती पावावर पीनट बटर लावून खात होती. आठवड्याला १५ तास एका कॅफेच्या मोरीवर भांडी विसळत होती. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना २० तासांपर्यंत काम करायची परवानगी असते, तेव्हा त्यात बेकायदा काही नव्हतं. पण दंतवैद्य झालेली लेक खरकटी काढते हे आईला सांगायचं कसं? मग 'लायब्ररीत होते'. खोलीतलं हीटर ती झोपताना अर्धा तास लावायची, कारण विजेचं बिल चौघींत वाटलं जायचं आणि चिनी मुलगी रोज मीटर वाचायची.

थंडीपेक्षाही तिला बाधला तो वर्ग. बारा-तेरा जण एका टेबलाभोवती. शिकवणाऱ्या बाईंना सगळे पहिल्या नावानं हाक मारत. आमच्या मुलीच्या तोंडून ते नाव बाहेर पडेना. 'मॅडम' म्हटलं की बाकीचे हसत, म्हणून ती हाकच मारेनाशी झाली. बाई एखादा लेख वाचून यायला सांगत आणि मग एकेकाला विचारत, तुला काय वाटतं? हिला लेखात काय आहे ते सगळं येत असे, अगदी पानासकट. तिला काय वाटतं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. नायजेरियाचा एक जण दणकून लेखकाच्या चुका काढायचा. ही घरी येऊन आरशापुढं वाक्यं म्हणून बघायची, आणि पुढच्या आठवड्यात विषयच बदललेला असायचा.

२९ ऑक्टोबरला तिथली घड्याळं एक तास मागं गेली. आता आमचे साडेनऊ म्हणजे तिचे चार. पुढं डिसेंबरात लीड्सला सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे फोनच्या दोन्ही बाजूंना रात्रच. ५ नोव्हेंबरला बाहेर फटाके ऐकून ती खिडकीशी धावली. दिवाळी आठवड्यावर होती. तिला वाटलं, कुणीतरी आपलं माणूस शेजारी आहे. ती गाय फॉक्सची रात्र होती. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याची इंग्रज लोक अजून दारू उडवून आठवण काढतात. त्या रात्री ती किती वेळ रडली हे तिनं मला नंतर सांगितलं, आम्हाला त्या दिवशी सांगितलं ते, "इथं पण फटाके असतात, मजा येते."

त्याच दिवसांत तिनं 'आनंदी गोपाळ' उघडली. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचं शिक्षण सुरू झालं. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली की खोलीभर धूर. तेव्हा धूर सोसायचा की थंडी, एवढाच प्रश्न. आम्ही घरातली माणसं मुलींच्या हातात हे पुस्तक प्रेरणा म्हणून ठेवतो. आमच्या मुलीला त्यातून प्रेरणा वगैरे मिळाली नाही. तिला एवढंच वाटलं की १४० वर्षं झाली तरी हीटरचा प्रश्न सुटलेला नाही. हा विनोद तिनं नंतर केलेला आहे. त्या वेळी विनोद सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती.

कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिलेल्या निबंधाचा निकाल यायचा होता. विषय होता साथीचा एक रोग आणि त्यावर झालेली उपाययोजना. तिनं घेतला जॉन स्नो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला तेव्हा या डॉक्टरनं कोणत्या घरात किती माणसं गेली ते नकाशावर मांडलं, मेलेली माणसं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचं पाणी पीत होती हे दाखवलं, आणि त्या पंपाचा दांडा काढायला लावला. सार्वजनिक आरोग्य शिकणारा प्रत्येक जण त्याच्यापासून सुरुवात करतो. तो जन्माला आला तो यॉर्कला, लीड्सहून आगगाडीनं अर्ध्या तासावर. तिनं सात-आठ पुस्तकं आणि लेख काढले, त्यांतले उत्तम उत्तम परिच्छेद निवडले, कुठं एखादा शब्द बदलला, ते एकापुढं एक नीट रचले आणि शेवटी सगळ्या पुस्तकांची यादी जोडली. तिला वाटलं, एवढी मोठी यादी वर्गात कुणाचीच नसेल.

२१ नोव्हेंबरच्या रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. या वयात दीडला फोन वाजला की आधी कोण गेलं हेच मनात येतं.

"काका, बाबांना सांगू नका."

विद्यापीठाची मेल आली होती. निबंध संगणकाच्या चाळणीतून जातो. टर्निटिन नावाची एक व्यवस्था आहे, ती मजकूर जगभरच्या मजकुराशी ताडून कुठलं वाक्य कुठं सापडतं ते रंगवून दाखवते. हिचा निबंध जवळजवळ सगळा रंगला होता. वाङ्मयचौर्याचा संशय. चौकशीसाठी ६ डिसेंबरला हजर राहावे.

"पण मी खाली पुस्तकांची नावं दिली होती हो, काका! लपवलं काय त्यात?"

मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "काढून टाकलं तर व्हिसा जातो. मग बाबांचं घर…"

सांगायला लाज वाटते, पण तिला धीर द्यायच्या आधी माझ्या मनात आकडे उभे राहिले. इतकी फी गेली, इतकं व्याज चढलं, मुलगी नोकरीविना परत आली तर हप्ता कुणाच्या पगारातून. भावाच्या निवृत्तीला चार वर्षं. त्या आकड्यांच्या मागोमाग बारामतीचे ते शिक्षक आले, वहीत खाली मान घालून टिपणारे. मग मी म्हणालो, "आधी काहीतरी गरम खा. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी तिनं निबंध पाठवला. वाचला. उत्तम इंग्रजी. बँकेच्या परिपत्रकासारखं निर्दोष, आणि लिहिणाऱ्याचा पत्ता नसलेलं. मला तिचा राग आला नाही. आमच्या शाळेच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक सूचना असायची: 'स्वतःच्या शब्दांत लिहा'. ती वाचून एकदा आठवीत मी खरोखरच स्वतःच्या शब्दांत लिहिलं. गुरुजींनी १० पैकी ४ दिले आणि शेजारच्या मुलाला ८, कारण त्यानं मार्गदर्शकातलं उत्तर स्वल्पविरामासकट उतरवलं होतं. पुढं तिच्या पिढीपर्यंत एवढीच प्रगती झाली की मार्गदर्शकाच्या जोडीला क्लासच्या नोट्स आल्या. थोरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणणं हा आपल्याकडं आदर असतो. तिथं ती चोरी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. पहिल्याच आठवड्यात एक तासाचं व्याख्यान झालं होतं. पण ते झालं तेव्हा ती पोस्टाच्या रांगेत होती.

पंधरा दिवस मी ते गुपित पोटात ठेवलं. रविवारी भावाकडं चहाला गेलो की तो विचारायचा, "पोरगी बरी वाटते ना तुला?" मी म्हणायचो, "उत्तम." फोन धरायची माझी पाळी आली की मी एका बाजूला आईच्या प्लॅस्टरवरची शाल सांभाळायचो आणि दुसऱ्या बाजूला पोरीचा खोटा हसरा चेहरा. नोकरीत मी दोन्ही पक्षांची गुपितं सांभाळली आहेत, पण ते पक्ष रात्री साडेनऊला एकमेकांना 'गुड नाइट' म्हणत नसत.

मी तिला एकच सांगत राहिलो, बाबांना तू सांग. ती म्हणायची, उद्या.

चौकशी प्रत्यक्षात पंचवीस मिनिटांची झाली. तिथल्या विद्यार्थी संघटनेचा सल्लागार बरोबर नेता येतो, तसा एक जण होता. त्यानं तिला आदल्या दिवशीच सांगितलं, जे केलंस ते जसंच्या तसं सांग, वकिली करू नकोस. पुढ्यात दोन शिक्षक, रंगवलेला निबंध टेबलावर. तिनं सगळं सांगितलं. निर्णय असा झाला की हा लबाडीचा प्रकार नसून अज्ञानाचा आहे. पहिली वेळ आहे. निबंध नव्यानं लिहायचा, जानेवारीत द्यायचा, आणि कितीही चांगला झाला तरी ५० च गुण मिळतील. तिथं या पदवीला ५० ला पास, ६० म्हणजे चांगलं आणि ७० म्हणजे विशेष प्रावीण्य.

उठताना त्या पहिल्या नावाच्या बाईंनी विचारलं, "तुझं गाव कोणतं?" पुणे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तू लंडनच्या पंपावर का लिहिलंस? पुण्याच्या प्लेगवर आम्ही व्याख्यान देतो."

मुलगी पुण्यात जन्मली, वाढली. प्लेगबद्दल तिला काय माहीत होतं? रँडचा खून आणि '२२ जून १८९७' हा चित्रपट. नाताळच्या सुट्टीत घर रिकामं झालं, नायजेरियन बाई तेवढी ड्यूटीवर, आणि ही लायब्ररीत बसून वाचू लागली. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुण्यात पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत रँडच्या हाताखाली समिती नेमली गेली. मार्चपासून गोरे सोल्जर घरोघर शिरून रोगी हुडकू लागले. सापडलेला रोगी इस्पितळात आणि घरचे लोक छावणीत. त्याच १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारी कागदांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: लोक रोगी लपवतात. का लपवतात, याचं उत्तर तिला कागदांत मिळालं तेही सरकारीच. अज्ञान, अंधश्रद्धा.

जानेवारीचा पहिला रविवार. साडेनऊ. नेहमीचं 'जेवलीस का' व्हायच्या आत ती म्हणाली, "आजी, तुझ्या आजीनं प्लेग बघितला होता ना? तू लहानपणी काहीतरी सांगायचीस."

आईचा चेहरा बदलला. गेले चार महिने तिला फक्त हात हलवायचं काम होतं. ती खुर्चीत पुढं सरकली. तिची आजी तेव्हा बारा वर्षांची, शनिवार पेठेत. उंदीर पडायला लागले की समजायचं. भांडीकुंडी घेऊन लोक गावाबाहेर मळ्यांत राहायला जायचे. त्यांचं जाणं लांबलं, कारण धाकट्या बहिणीला ताप भरला. काखेत गाठ. सोल्जर गल्लीत आले तेव्हा तिला माजघरात धान्याच्या कणगीमागं ठेवलं, आणि हिला कणगीपुढं दळायला बसवलं, जात्याच्या आवाजात कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून.

"आणि मग?" इकडून वहिनींनीच विचारलं. हे आम्हीही कधी ऐकलं नव्हतं.

"मग काय. गेले ते लोक बघून. पोर तिसऱ्या दिवशी गेली. पण घरात गेली, आईच्या मांडीवर. आजी म्हणायची, तिला नेली असती तर कुठं पुरली ते सुद्धा कळलं नसतं. कणगी केवढी म्हणशील? ही एवढी–" आणि कणगीचा घेर दाखवायला आईनं दोन्ही हात पसरले. शाल खाली पडली. प्लॅस्टर नोव्हेंबरच्या शेवटी निघालं होतं, पण मनगटाला पट्टा होता, आणि हात अजून पुरता वळत नव्हता.

"आजी, हाताला काय झालं?"

कुणी बोलेना. भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी फोनकडं. आईच म्हणाली, "पडले होते. ऑक्टोबरात. हे लोक सांगू देईनात."

पलीकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं, लाइन गेली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. मोरीवरची भांडी, पीनट बटर, रंगलेला निबंध, ६ डिसेंबर, ५० गुण. एका दमात, क्रम सोडून. वहिनी रडू लागल्या ते खरकट्या भांड्यांना, निबंधाला नव्हे. भाऊ फ्लॅटबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो माझ्याकडं वळला आणि एवढंच म्हणाला, "तुला माहीत होतं." त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. त्याचं बरोबर होतं.

निबंध तिनं लोक रोगी का लपवत, यावर लिहिला. सरकारी अहवाल एका बाजूला, कणगी दुसऱ्या बाजूला. आजीची आठवण हा कौटुंबिक आणि दुसऱ्या तोंडून आलेला पुरावा आहे, त्याला किती वजन द्यायचं, यावर एक पान. इंग्रजी पहिल्या निबंधापेक्षा कितीतरी अडखळतं. ठरल्याप्रमाणे ५० मिळाले. बाईंनी शेवटी शेरा लिहिला की बंधन नसतं तर ६८ दिले असते. भावाला अजूनही ६८ ही काही सांगण्याजोगी संख्या वाटत नाही. पुढं ती पदवी घेऊन बाहेर पडली, हप्ते चालू झाले आहेत, फ्लॅटही अजून बँकेकडं आहे.

फेब्रुवारीत एका रविवारी आईनं फर्मान काढलं, काय लिहिलंस ते मला वाचून दाखव. मुलगी एकेक वाक्य इंग्रजीतून मराठीत करत वाचू लागली. फोन कुणी धरायचा हा प्रश्न उरला नव्हता. आईनं तो मांडीवर उभा टेकवला होता. पोरीला पलीकडं नुसतं छत आणि पंखा दिसत असणार. पाचएक मिनिटं झाल्यावर आईनं तिला थांबवलं.

"मळ्यात काय बांधलं म्हणालीस?"

"पत्र्याच्या झोपड्या."

"पत्रे कुठले गं तेव्हा आमच्याकडं? तट्ट्या होत्या, तट्ट्या. तेवढं बदल."

"आजी, तो देऊन झाला निबंध."

"मग त्यांना कळव," आई म्हणाली.